धंद्याच्या खात्यांवर ऑथेंटिकेटर ॲप: बसवायचे कसे, आणि फोन हरवला तर आत शिरायचे कसे

एका खात्यावर ऑथेंटिकेटर ॲप, म्हणजे पासवर्डनंतर मागितला जाणारा कोड फोनवर दाखवणारे ॲप, चालू करायला पाच मिनिटे पुरतात. अडचण येते ती नंतर. ॲप ज्याच्या फोनवर आहे तो रजेवर जातो, फोन पाण्यात पडतो, हिशेब सांभाळणारी व्यक्ती नोकरी सोडते आणि नेमक्या पगाराच्या दिवशी पेमेंट पोर्टल सहा आकडे मागत बसते. वैयक्तिक खात्यात हा एका माणसाचा वैताग असतो, धंद्यात सगळ्यांचे काम थांबते. म्हणून ॲप बसवण्याच्या पायऱ्या इथे आहेतच, पण खात्यात जाण्याचा हक्क कोणाकोणाकडे असावा आणि तो काढून कसा घ्यावा, यावर जास्त लिहिले आहे. बहुतेकांचे घोडे तिथेच अडते.

ॲप नेमके करते काय

खाते जोडताना पडद्यावर जो क्यूआर कोड दिसतो त्यात एक गुप्त की असते. स्कॅन केल्यावर ती फोनमध्ये साठते. तिची प्रत सेवेच्या सर्व्हरवर असतेच. त्यानंतर फोन ही की आणि त्या क्षणाची वेळ घेऊन दर ३० सेकंदांनी नवा सहा आकडी कोड काढतो. सर्व्हरही तेच गणित करतो आणि उत्तर जुळले की लॉगिन होते. या पद्धतीला टीओटीपी म्हणतात. २०११ मध्ये आरएफसी ६२३८ या नावाने ती खुले मानक म्हणून प्रसिद्ध झाली, त्यामुळे कोणत्याही कंपनीचे ॲप बहुतेक कोणत्याही सेवेला चालते. गूगलच्या खात्याचा कोड मायक्रोसॉफ्टच्या ॲपमध्ये ठेवला तरी काही बिघडत नाही.

कोड फोनमध्येच तयार होतो, म्हणून त्याला ना सिम लागते ना इंटरनेट. फोनचे घड्याळ मात्र बरोबर हवे. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे ती की ज्याच्याकडे आहे त्याला कोड मिळत राहतात; खात्यावरून ती की रद्द होईपर्यंत मिळतच राहतात. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

एसएमएसच्या ओटीपीत वेगळा धोका असतो. नंबर सिमला बांधलेला असतो आणि सिम मोबाइल कंपनीच्या माणसाला फसवून दुसऱ्याच्या नावे काढून घेता येते. काहीच नसण्यापेक्षा एसएमएस केव्हाही बरा. पण ज्या खात्यातून पैसे हलतात किंवा ज्यातून दुसरी खाती उघडता येतात, तिथे तो ठेवू नये. ईमेलवर कोड पाठवणाऱ्या सेवांना तर मी दुसरी पायरी (पासवर्डनंतरची वेगळी तपासणी) मानतच नाही. मेल फुटला की पासवर्ड बदलण्याची लिंक आणि कोड एकाच इनबॉक्समध्ये येऊन पडतात.

आधी यादी, मग ॲप

फोन हातात घेण्यापूर्वी एक तक्ता करा. प्रत्येक खात्यापुढे चार गोष्टी लिहायच्या: लॉगिन कोणत्या ईमेलने होते, सध्या ओटीपी कोणाच्या नंबरवर जातो, ॲडमिन कोण आहे, बॅकअप कोड (ॲप हाताशी नसताना आत जाण्यासाठीचे राखीव कोड) कुठे आहेत. शेवटचा रकाना बहुधा रिकामाच राहील, आणि पहिल्या रकान्यात धक्के बसतील. वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या खासगी मेलवर डोमेन (कंपनीच्या वेबसाइटचा आणि मेलचा पत्ता), कधीच सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या नंबरवर जाहिरातींचे खाते, अशा गोष्टी जवळपास प्रत्येक लहान कंपनीत सापडतात. त्या दुरुस्त केल्याशिवाय ॲप लावू नका, नाहीतर चुकीच्याच माणसाच्या हाती खाते आणखी पक्के होईल.

क्रम लावताना बहुतेक जण बँकेपासून सुरुवात करतात. माझ्या मते पहिला मान ईमेलच्या ॲडमिन खात्याचा आणि त्याच्याच जोडीला डोमेनचा. डोमेनच्या सेटिंगमध्ये ज्याला शिरता येते तो तुमचे सगळे मेल स्वतःच्या सर्व्हरकडे वळवू शकतो, आणि मग उरलेल्या प्रत्येक सेवेवर ‘पासवर्ड विसरलो’ दाबत बसणे एवढेच काम उरते. त्यानंतर बँक आणि पेमेंट गेटवे, मग होस्टिंग, क्लाउड, हिशेबाचे सॉफ्टवेअर, सोशल मीडियाची पाने, जाहिराती.

डोमेनबद्दल एक खाचखळगा आताच सांगतो. डोमेनच्या खात्याचा लॉगिन ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका. मेल बंद पडला तर तो सुरू करायला डोमेनमध्ये जावे लागते, आणि डोमेनमध्ये जायला मेल लागतो. या चक्रात अडकलेल्यांना बाहेर पडायला कागदपत्रे पाठवत बसावे लागते.

कोणते ॲप घ्यावे

गूगल ऑथेंटिकेटर सर्वांत साधे. २०२३ च्या एप्रिलपासून त्यात गूगल खात्याशी सिंक करण्याची सोय आली. सोय चांगली, पण ती चालू केली की तुमचे सगळे कोड त्या एका गूगल खात्याच्या भरवशावर राहतात. त्याच वर्षी रीटूल या सॉफ्टवेअर कंपनीत हे घडले. एका कर्मचाऱ्याला आधी एसएमएसने आणि मग आयटी विभागाच्या नावाने फोन करून फसवण्यात आले, त्याचे गूगल खाते चोरांच्या हाती लागले आणि सिंक झालेले कोडही त्यासोबत गेले. सिंक वापरायचेच असेल तर ते गूगल खाते तितक्याच कडक बंदोबस्तात हवे.

मायक्रोसॉफ्ट ३६५ वापरणाऱ्यांना मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेटर सोयीचे, कारण कोड न टाकता फोनवर येणारी सूचना मंजूर करता येते. खुल्या स्रोताच्या ॲपमध्ये एजिस, टूएफएएस आणि एन्टे ऑथ ही नावे घेण्यासारखी आहेत. एजिस फक्त अँड्रॉइडवर चालते, पण पासवर्ड लावलेली बॅकअप फाइल काढून देते. एन्टे ऑथ फोन आणि संगणक दोन्हींवर चालते, आणि त्याचे सिंक टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध असते, म्हणजे मधल्या कोणालाही कोड वाचता येत नाहीत.

बिटवॉर्डन किंवा वनपासवर्डसारख्या पासवर्ड मॅनेजरमध्येही (पासवर्ड साठवून भरणाऱ्या ॲपमध्ये) कोड ठेवता येतात. शुद्धतावादी नाक मुरडतील, कारण पासवर्ड आणि कोड एकाच तिजोरीत जातात. पण चार जणांना एकच खाते वापरावे लागते तिथे हा मार्ग व्हॉट्सॲप ग्रुपवर कोड मागण्यापेक्षा शंभर पटींनी बरा.

ॲप स्टोअरमध्ये नावाशी साम्य असलेली नकली ॲप्स असतात. बनवणाऱ्या कंपनीचे नाव वाचा. नुसता क्यूआर स्कॅन करायला जे ॲप वर्गणी मागते ते लगेच काढून टाका.

फोनची तयारी थोडकीच: स्क्रीन लॉक हवा, तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’ वर हवी, आणि ॲपला स्वतःचे बोटाच्या ठशाचे लॉक असेल तर ते चालू हवे.

प्रत्यक्ष जोडणी

पहिल्यांदा कमी महत्त्वाच्या एखाद्या खात्यावर हात बसवून घ्या. काम संगणकावर करा आणि ॲप असलेले दोन फोन जवळ ठेवा: एक तुमचा, दुसरा तुमच्यासोबत जबाबदारी घेणाऱ्या व्यक्तीचा किंवा कार्यालयात कुलूपबंद राहणारा जुना फोन. दोन फोन कशाला, ते लगेच कळेल.

१. खात्यात लॉगिन करून ‘सिक्युरिटी’ मध्ये जा. ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’, ‘टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन’ किंवा नुसतेच ‘एमएफए’ असे नाव दिसेल. पर्यायांमधून ‘ऑथेंटिकेटर ॲप’ निवडा. मायक्रोसॉफ्टच्या कामाच्या खात्यात त्यांचेच ॲप पुढे केले जाते. दुसरे वापरायचे असल्यास वेगळे ॲप निवडण्याची बारीक अक्षरांतली लिंक शोधावी लागते, आणि तुमच्या ॲडमिनने ते बंद केले नसेल तरच ती दिसते.

२. क्यूआर कोड पडद्यावर आला की घाई करू नका. तो बहुधा एकदाच दिसतो. पहिल्या फोनने स्कॅन करा, मग दुसऱ्याने. दोन्हींवर तेच सहा आकडे दिसले पाहिजेत, कारण की एक आणि वेळ एक. कॅमेरा चालत नसेल किंवा सगळे एकाच फोनवर करत असाल, तर ‘स्कॅन करता येत नाही’ अशा अर्थाच्या लिंकवर अक्षरांची लांब की मिळते. ती ॲपमध्ये कॉपी करता येते.

३. क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट काढू नका. तो फोनच्या गॅलरीतून क्लाउडवर जातो आणि तिथे वर्षानुवर्षे पडून राहतो. तो चित्ररूपातला कायमचा ओटीपीच आहे.

४. ॲपमधल्या नोंदीला नीट नाव द्या. सेवेचे नाव, कंपनी, आणि लॉगिन कोणाचे. वीस नोंदी झाल्यावर सगळीकडे नुसते ‘ॲडमिन’ दिसू लागले की चुकीचा कोड टाकून खाते तात्पुरते बंद पाडण्याची वेळ येते.

५. कोड टाकून जोडणी पूर्ण करा. वेळ संपत आली असेल तर पुढचा कोड येऊ द्या.

६. बॅकअप कोड उतरवा. गूगल दहा देते, गिटहब सोळा. प्रत्येक कोड एकदाच चालतो.

७. लॉगआउट न करता, ब्राउझरची खासगी विंडो उघडून नव्याने लॉगिन करून पाहा. एकदा ॲपच्या कोडने, एकदा एका बॅकअप कोडने. वापरलेला बॅकअप कोड खोडून टाका. काही चुकले असेल तर जुन्या विंडोत तुम्ही अजून आत आहात, दुरुस्त करता येईल. बऱ्याच लेखांत ही पायरी गाळलेली असते आणि खाती बाहेरून बंद होतात ती याच टप्प्यावर.

८. सगळे चालते याची खात्री झाली की एसएमएसचा पर्याय काढा. तो राहू दिला तर ॲप असूनही चोर ‘दुसऱ्या मार्गाने लॉगिन’ दाबून एसएमएसच मागवेल. काही सेवांमध्ये दुसऱ्या पायरीचा नंबर आणि पासवर्ड परत मिळवण्याचा नंबर वेगवेगळ्या पानांवर असतात. दोन्ही पाने बघा.

बॅकअप कोड कुठे ठेवायचे? छापून, तारीख घालून, बंद पाकिटात, कंपनीच्या तिजोरीत किंवा मालकांपैकी एकाच्या घरी. ड्राइव्हवर ठेवू नका, कारण ड्राइव्ह उघडायलाच हे कोड लागतील. ज्या फोनवर ॲप आहे त्याच फोनच्या नोट्समध्ये तर नकोच. पाकीट कुठे आहे हे किमान दोघांना माहीत असावे.

एक माणूस, एक लॉगिन

‘सगळ्यांसाठी एकच पासवर्ड’ ही सवय ऑथेंटिकेटर ॲपमुळे फार त्रासाची होते, आणि ते बरेच आहे. गूगल वर्कस्पेस, मायक्रोसॉफ्ट ३६५, मेटाचा बिझनेस पोर्टफोलिओ, मोठ्या क्लाउड सेवा या सगळ्यांत प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन आणि हवे तेवढेच अधिकार देता येतात. तसे द्या. प्रत्येकाचा कोड प्रत्येकाच्या फोनवर, आणि एखाद्याचा फोन गेला तर ॲडमिन त्याची दुसरी पायरी रीसेट करून देतो.

पण मग ॲडमिनचे काय? ॲडमिन दोन हवेत, एक कधीच नको. आणि ॲडमिनचे खाते रोजच्या मेलसाठी वापरू नये. त्या दोघांना रोजच्या कामाला साधी खाती द्यावीत. मायक्रोसॉफ्ट तर याशिवाय दोन आणीबाणीची खाती ठेवायला सांगते, जी एरवी कोणी उघडतच नाही. चार माणसांच्या कंपनीला ते जड वाटेल, पण दुसरा ॲडमिन मात्र कंपनी कितीही लहान असली तरी लागतोच.

काही सेवा एकच लॉगिन देतात. तिथे की दोन-तीन फोनवर किंवा सामायिक पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवावी लागते, आणि माणूस सोडून गेल्यावर खरी गफलत होते. कंपनी पासवर्ड बदलते आणि निर्धास्त होते. पण गुप्त की त्याच्या फोनमध्ये तशीच आहे, तो आजही बरोबर कोड पाहतो. घराचे कुलूप बदलले आणि मागच्या दाराची किल्ली त्याच्याकडेच राहू दिली, असे हे झाले. नवा पासवर्ड कसाही फुटला की दुसरी पायरी त्याच्यासाठी उघडीच आहे. म्हणून अशा वेळी खात्यावरचे ऑथेंटिकेटर बंद करून पुन्हा चालू करायचे, म्हणजे नवा क्यूआर मिळतो आणि जुनी की निकामी होते. त्याचबरोबर सगळीकडून लॉगआउट करणे, बॅकअप कोड नव्याने काढणे आणि त्या माणसाने बनवलेले ॲप पासवर्ड वा एपीआय की (दुसऱ्या प्रोग्रामना खात्यात जाऊ देण्यासाठी काढलेले वेगळे पासवर्ड आणि किल्ल्या) रद्द करणे. ॲप पासवर्ड दुसरी पायरी विचारतच नाहीत, हे लक्षात असू द्या.

सगळ्यांवर सक्ती करताना

गूगल वर्कस्पेसच्या ॲडमिन कन्सोलमध्ये सिक्युरिटीखाली टू-स्टेप व्हेरिफिकेशनची सक्ती करता येते. तारीख ठरवता येते, नव्या कर्मचाऱ्याला जोडणीसाठी मुदत देता येते, आणि एसएमएस वा फोन कॉलचे कोड सोडून बाकी पद्धती चालतील असा पर्यायही आहे. मायक्रोसॉफ्टमध्ये ‘सिक्युरिटी डिफॉल्ट्स’ (तयार नियम) किंवा ‘कंडिशनल ॲक्सेस’ (स्वतः ठरवायचे नियम) हे दोन रस्ते आहेत. लहान कंपनीला पहिला पुरतो. मेटाच्या बिझनेस सेटिंगमध्ये सगळ्यांना किंवा फक्त ॲडमिनना सक्ती करता येते.

एकदम सगळ्यांवर लादू नका. आधी ॲडमिन, मग दोन उत्साही लोक, मग एकेक विभाग. हिशेब विभागाला महिनाअखेर सोडून कोणताही आठवडा द्या. खासगी फोनवर कंपनीचे ॲप नको, असे कोणी म्हटले तर त्याचे म्हणणे गैर नाही. नुसते कोड दाखवणारे ॲप कंपनीला त्या फोनमधले काहीच दाखवत नाही, हे सांगा. तरी पटले नाही तर यूएसबी सिक्युरिटी की (कोडऐवजी संगणकाला लावायचे छोटे उपकरण) द्या.

जिथे हे ॲपही हरते

नकली लॉगिन पानावर तुम्ही पासवर्ड टाकला आणि मग कोडही टाकला, तर ते पान दोन्ही त्याच क्षणी खऱ्या साइटला पुढे पाठवते आणि उघडलेले सत्र, म्हणजे लॉगिन झालेले खाते, चोराच्या हाती जाते. ३० सेकंद त्याला भरपूर झाले. कोड टाकण्यापूर्वी पत्ता वाचा. त्याहून चांगले म्हणजे पासवर्ड मॅनेजरला भरू द्या. तो चुकीच्या डोमेनवर पासवर्ड भरतच नाही, आणि तो गप्प बसला की थांबायचे.

मंजुरीच्या सूचनांचा प्रकार वेगळा. सप्टेंबर २०२२ मध्ये उबरसाठी काम करणाऱ्या एका कंत्राटदाराचा पासवर्ड चोरांकडे होता. त्यांनी मंजुरीच्या सूचना पुन्हा पुन्हा पाठवल्या आणि शेवटी त्याने एक स्वीकारली. मे २०२३ पासून मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेटरमध्ये पडद्यावरचा आकडा फोनवर टाकणे सक्तीचे झाले ते अशाच हल्ल्यांमुळे. तुम्ही लॉगिन करत नसताना सूचना आली तर नाकारा आणि लगेच पासवर्ड बदला. तो कोणाला तरी माहीत झालेला आहे.

कोड फोनवर कोणालाही सांगायचा नाही. बँकेला नाही, सेवेच्या सपोर्टला नाही, आपल्याच आयटीवाल्यालाही नाही.

ॲडमिन आणि पैशांच्या खात्यांवर सोय असेल तर पासकी (पासवर्डऐवजी चालणारी, फोनात वा संगणकात साठणारी की) किंवा सिक्युरिटी की लावा. त्या खऱ्या डोमेनलाच उत्तर देतात, त्यामुळे नकली पान त्यांच्यापुढे निरुपयोगी ठरते. ॲप बाकीच्या सगळ्या खात्यांसाठी.

फोन बदलताना, हरवल्यावर

नवा फोन आला की जुना लगेच फॉरमॅट करू नका. गूगल ऑथेंटिकेटरमध्ये ‘ट्रान्सफर अकाउंट्स’ मधून क्यूआर काढून नोंदी नव्या फोनवर नेता येतात. मायक्रोसॉफ्टच्या ॲपचा बॅकअप परत आणला तरी कामाच्या खात्यांना बहुधा पुन्हा साइन-इन करावे लागते. नोंद दिसते म्हणून फसू नका. नव्या फोनवरून प्रत्येक महत्त्वाच्या खात्यात एकदा शिरून पाहिल्यावरच जुना पुसा.

फोन हरवला तर आधी तो दुरून लॉक करा किंवा पुसा. मग दुसरा फोन किंवा बॅकअप कोड वापरून आत जा, जुनी जोडणी काढा, नवी करा, बाकी सगळी सत्रे बंद करा आणि नवे बॅकअप कोड काढा. दोन्ही नसेल तर दुसऱ्या ॲडमिनला सांगा. एकमेव ॲडमिन तुम्हीच असाल तर सेवेच्या सपोर्टकडे मालकी सिद्ध करावी लागेल. गूगल वर्कस्पेस त्यासाठी डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सेटिंगच्या नोंदींमध्ये, एक नोंद घालायला सांगते. डोमेनचा लॉगिन वेगळ्या मेलवर ठेवा असे वर म्हटले ते यासाठीच.

फोन हातात आहे आणि तरी कोड ‘चुकीचा’ येतोय? घड्याळ तपासा. मग ॲपमध्ये त्याच खात्याच्या दोन नोंदी नाहीत ना ते पाहा. जोडणी पुन्हा केली की जुनी नोंद आपोआप जात नाही, आणि ती निवांत चुकीचे कोड दाखवत राहते.

आणि लॉगिन अडले म्हणून सपोर्टने किंवा सहकाऱ्याने दुसरी पायरी ‘तात्पुरती’ बंद करून दिली, तर त्याच दिवशी ती परत चालू करण्याची जबाबदारी एका नावावर टाका. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाच्या, म्हणजे एसईसीच्या, एक्सवरील (पूर्वीचे ट्विटर) खात्याची दुसरी पायरी जुलै २०२३ मध्ये अशीच लॉगिनच्या अडचणीमुळे बंद करून घेतली होती आणि ती तशीच राहिली. ९ जानेवारी २०२४ ला चोरांनी त्या खात्याशी जोडलेला नंबर सिम बदलून ताब्यात घेतला, पासवर्ड रीसेट केला आणि बिटकॉइन ईटीएफना (शेअरसारखे विकत घेता येणाऱ्या बिटकॉइन फंडांना) मंजुरी मिळाल्याची खोटी घोषणा टाकली. दुसरी पायरी पुन्हा चालू झाली ती त्यानंतर. तुमच्या तक्त्यात पाचवा रकाना वाढवा: दुसरी पायरी आज चालू आहे का, आणि हे शेवटचे कोणी, कोणत्या तारखेला तपासले.